फुचूचे मैदान आणि युरोपचे घोडे



घोड्यांच्या शर्यती हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. शर्यत म्हटली की महालक्ष्मीचे मैदान, हातात कोल घेऊन उन्हात उभे राहिलेले लोक आणि हाती पडलेला पगार दोन दिवसांत संपवून मान खाली घालून घरी जाणारा माणूस, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ते चित्र खोटे नाही. त्याचे गोडवे गाण्यासाठी मी येथे उभा नाही. मला सांगायचा आहे तो इतिहास वेगळा आहे. एका देशाने परक्यांना होऊन आपल्या दारी बोलावले, लाखो लोकांच्या देखत त्यांच्याकडून हार घेतली, पुन्हा पुन्हा घेतली, आणि त्या हारीतून असे काही उभे केले की गुरूलाच पुढे शिष्याच्या अंगणात जिंकणे जवळजवळ अशक्य होऊन बसले. हे कसे घडले, आणि त्या यशाची जमा कोणाच्या वहीत पडली व खर्च कोणाच्या, एवढेच मला पाहावयाचे आहे.

तोक्यो शहराच्या पश्चिमेस फुचू नावाचे गाव आहे. तेथील रेसकोर्स १९३३ साली सुरू झाला. या मैदानावर दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस 'जपान कप' नावाची शर्यत होते. हिरवळीवरची, डाव्या हाताला वळत जाणारी, २४०० मीटरची. पहिली शर्यत १९८१ साली झाली आणि २०२५ साली पंचेचाळिसावी. या पंचेचाळीस शर्यतींपैकी तीस जपानी घोड्यांनी जिंकल्या आणि पंधरा परक्यांनी. पंधरांपैकी नऊ युरोपच्या वाट्याला गेल्या. इंग्लंडने चार जिंकल्या, फ्रान्सने दोन, आणि आयर्लंड, जर्मनी व इटली यांनी एकेक. म्हणजे पाचांत एक. हा हिशेब ऐकून युरोपच्या घोड्याची बाजू काही फार पडती आहे असे वाटणार नाही. परंतु एकूण बेरीज फार फसवी असते. आमच्या युनियनच्या कामात मालक 'सरासरी पगारा'चा आकडा पुढे टाकतो, तो जितका फसवा तितकीच ही बेरीज. सालवार मांडून पाहा. १९८१ ते १९९१ या पहिल्या अकरा वर्षांत परक्यांनी नऊ वेळा बाजी मारली. पुढच्या चौदा वर्षांत पाच वेळा. आणि २००६ ते २०२४ या एकोणीस वर्षांत एकदाही नाही. २०१९ साली तर एकही परदेशी घोडा आला नाही. शर्यत सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पंगतीला पाहुणाच येईनासा झाला.

हा पालट समजून घ्यावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे.

युरोपीय तऱ्हेच्या शर्यती जपानात आणल्या त्या योकोहामा बंदरातील गोऱ्या लोकांनी. नेगिशी येथील त्यांचे मैदान १८६६ साली बांधले गेले. जपानी सरकारला घोड्यांत रस उत्पन्न झाला तो करमणुकीसाठी नव्हे. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात आपल्या घोडदळाचे घोडे अगदीच कमी प्रतीचे आहेत, हे सरकारला फार टोचले. लष्कराला बरा घोडा हवा, त्यासाठी पैदास हवी, पैदाशीला पैसा हवा आणि पैसा पैजेतून येतो, अशी ती साखळी होती. १९०७ साली इवाते प्रांतातील कोइवाई नावाच्या मोठ्या शेतवाडीने इंग्लंडातून जातिवंत घोड्या आणविल्या. त्यांतील एकीचे नाव 'फ्लोरीज कप'. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९३२ साली इंग्लंडच्या धर्तीवर जपानी डर्बी सुरू झाली. महायुद्धानंतर, १९५४ साली, 'जपान रेसिंग असोसिएशन' ही सरकारी भांडवलाची संस्था स्थापन झाली आणि मोठ्या शर्यतींचा कारभार तिच्या हाती आला. या संस्थेकडे लोक पैजेवर जो पैसा लावतात त्यातील शेकडा १० सरकारी खजिन्यात जातो, आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग पशुसंवर्धनाकडे व एक चतुर्थांश समाजकल्याणाकडे वळवावा असा कायदाच आहे. जुगाराचे पाप यामुळे धुऊन निघते असे मी म्हणणार नाही. परंतु गरिबाच्या खिशातून गेलेला पैसा कोठे जातो हे निदान कायद्यात लिहिलेले आहे, एवढे खरे.

येथे आपल्याला जवळचा असा एक धागा आहे. पुण्यातील आगाखान पॅलेस आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांनी देह ठेवला. तो वाडा बांधणारे तिसरे आगाखान हे घोड्यांचे मोठे शौकीन. इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ च्या दरम्यान पाच वेळा जिंकली. त्यांच्याच पागेतील 'हिंदोस्तान' नावाच्या घोड्याने १९४९ साली आयर्लंडची डर्बी जिंकली, आणि १९५५ साली तो पैदाशीसाठी जपानात गेला. तेथे पैदाशीच्या घोड्यांच्या वार्षिक क्रमवारीत तो सात वेळा पहिला आला. त्याचा मुलगा 'शिंझान' याने १९६४ साली, म्हणजे तोक्यो ऑलिंपिकच्या वर्षी, जपानच्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. युद्धात भाजून निघालेल्या त्या देशात शिंझान हे नाव घरोघर पोचले. आपल्या नावाचा घोडा, आपल्या माणसाच्या पागेतला, आणि कीर्ती झाली ती जपानात. गंमत वाटते खरी.

शिंझानचा एवढा बोलबाला झाला तरी जपानी लोकांना मनातून एक शंका कुरतडत होती. घरात आपला घोडा वाघ आहे, पण बाहेर? त्या काळी जपानच्या शर्यतींना भक्कम कुंपण होते. परदेशात जन्मलेल्या घोड्याला मानाच्या शर्यतींत मज्जाव होता. शेतकऱ्याने वाढविलेल्या देशी शिंगराला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू. नवा धंदा उभा राहीपर्यंत त्याला जकातीचे संरक्षण द्यावे, असे आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या काळापासून सांगितले गेले, तेच हे तत्त्व. परंतु संरक्षणात एक धोका असतो. कुंपणाच्या आत सुस्ती येते, आणि सुस्तावलेला माणूस स्वतःलाच पहिलवान समजू लागतो. जपान्यांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी कुंपण पाडले नाही. त्यात एक दरवाजा ठेवला, वर्षातून एक दिवस उघडणारा. येण्याजाण्याचा खर्च आम्ही देतो, या आणि आमच्या सर्वोत्तम घोड्यांशी पळून दाखवा. हा दरवाजा म्हणजे जपान कप.

१९८१ साली पहिल्या शर्यतीला अमेरिका व कॅनडाचे घोडे आले. भारतातूनही 'ओन ओपिनियन' नावाचा घोडा गेला होता. जपानी वर्तमानपत्रांनी त्याला 'हिंदुस्थानचा शिंझान' म्हणून गौरविले, पण शर्यतीत त्याचा निभाव लागला नाही. जिंकली 'मेर्झी डोट्स' नावाची अमेरिकन घोडी. ती काही आपल्या देशातील सर्वश्रेष्ठ नव्हती. तरी तिने फुचूचा विक्रम मोडला. पहिले चारही क्रमांक परक्यांना गेले. यजमानांपैकी सर्वांत पुढे आलेला 'गोल्ड स्पेन्सर' पाचवा. पुढल्या वर्षी पुन्हा अमेरिकन घोडा पहिला आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर 'ऑल अलाँग' व 'एप्रिल रन' या दोन फ्रेंच घोड्या. जपानी प्रेक्षागारात त्या दिवसांत निराशेचे वातावरण होते.

१९८३ साली युरोपने पहिल्यांदा कप नेला. 'स्टॅनेरा' ही आयर्लंडची घोडी. तिच्या मालकाने, फ्रँक डन यांनी, तिला स्वतःच तयार केलेले. तिचे स्नायू आखडत, म्हणून तिला रोज तासन्‌तास पायी फिरवीत. जपानातही हा क्रम चुकला नाही. घोडी चालते तेव्हा तिच्या बाजूने माणूसही चालतो, हे शर्यतीच्या बातमीत कधी छापून येत नाही. पण त्या शर्यतीत खरी वार्ता दुसऱ्या क्रमांकाची होती. 'क्योएइ प्रॉमिस' हा जपानी घोडा केवळ डोक्याच्या अंतराने हरला. त्याच धावेत त्याचा पाय कायमचा निकामी झाला आणि तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. एका घोड्याच्या पायाचे मोल देऊन जपानला कळले की हे अंतर तुटण्यासारखे आहे.

१९८४ साली ते तुटले. त्या वर्षी जपानच्या बाजूने तिन्ही मानाच्या शर्यती जिंकलेले दोन घोडे उतरले होते, 'मिस्टर सी. बी.' आणि तोपर्यंत अजिंक्य असलेला 'सिंबोली रुडॉल्फ'. लोकांचा सारा पैसा आणि सारे लक्ष यांच्यावर. 'कात्सुरागी एस' नावाचा घोडा पैजेच्या यादीत दहावा होता. त्याने आरंभापासून आघाडी घेतली. मागचे सारे एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि तो पुढेच निसटला. दुसरा आला इंग्लंडचा 'बेडटाइम', आणि रुडॉल्फ तिसरा. पुढल्या वर्षी रुडॉल्फने कप जिंकून त्याची भरपाई केली.

तरीही १९८० च्या दशकात पारडे परक्यांचेच जड होते. १९८६ साली सात वर्षांचा जुना खेळाडू 'ज्युपिटर आयलंड' इंग्लंडहून आला आणि जिंकून गेला. दुसरा क्रमांकही इंग्लंडचाच. १९८७ साली फ्रान्सचा 'ल ग्लोरियू'. १९८९ ची शर्यत तर दंतकथा होऊन बसली आहे. न्यूझीलंडची घोडी, नाव 'हॉर्लिक्स', होय, आपण पितो तेच, आणि तिच्या मानेशी मान लावून जपानचा 'ओगुरी कॅप'. दोघांची वेळ एकच, २ मिनिटे २२.२ सेकंद. २४०० मीटरचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम. ओगुरी कॅप हा कासामात्सुच्या लहानशा प्रांतिक मैदानावरून वर आलेला घोडा, म्हणून कामकरी लोकांचा तो फार लाडका. त्याला त्याच्या मालकाने आदल्याच रविवारी दुसऱ्या एका मोठ्या शर्यतीत पळविला होता. सलग दोन रविवार! ओव्हरटाइम कोणाला किती लावावा याचा विचार घोड्याच्या बाबतीत तरी व्हावा, अशी टीका तेव्हा जपानात झाली. 'तरी' हा शब्द माझा आहे.

आता मूळ प्रश्न. युरोपचा घोडा पुढे हरू का लागला?

पहिले कारण जमीन. शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. युरोपातील हिरवळ पावसाने भिजलेली, मऊ, दाट. विशेषतः पॅरिसजवळच्या लाँशां मैदानावर ऑक्टोबरात 'आर्क द त्रियोंफ' ही युरोपची सर्वांत मोठी शर्यत होते तेव्हा कित्येकदा खूर चिखलात रुततो. तेथे जिंकतो तो ताकदीचा, रेटा देणारा घोडा. फुचूची जमीन कोरडी आणि वेगवान. जपानचे मूळचे गवत आखूड, चिवट, घट्ट मुळांचे. हिवाळ्यात त्यावर विलायती गवत पेरून मैदान हिरवे ठेवतात. त्यावर पाय पडला की लगेच सुटतो. शिवाय शेवटचे वळण संपल्यावर अर्ध्या किलोमीटरहून लांब सरळ पल्ला, आणि त्यात मध्येच चढ. तेथे घोड्याला पल्ल्याचा दम आणि अखेरची झडप दोन्ही लागतात. फरक किती पडतो तो आकड्यांत पाहा. २०११ साली 'डेनड्रीम' या जर्मन घोडीने आर्क २ मिनिटे २४.४९ सेकंदांत जिंकली. तो त्या शर्यतीचा तेव्हाचा विक्रम होता. तीच घोडी त्याच साली फुचूला आली आणि सहावी आली. २०१८ साली 'आमंड आय' या जपानी घोडीने तेवढेच अंतर २ मिनिटे २०.६ सेकंदांत तोडले. घोड्यांच्या शर्यतीत चार सेकंद म्हणजे वीसाहून अधिक घोडे लांबीचे अंतर.

आर्क जिंकून त्याच वर्षी कीर्तीच्या शिखरावर फुचूला आलेले घोडे येथे एकामागून एक फिके पडले. १९८८ साली 'टोनी बिन' पाचवा आला, १९९९ साली 'माँज्यू' चौथा. त्या माँज्यूची हकिकत विशेष आहे. पॅरिसला त्याने जपानच्या 'एल कोंडोर पासा'ला अर्ध्या घोड्याच्या अंतराने हरविले होते, म्हणून फुचूच्या प्रेक्षकांना तो डोळ्यांत खुपत होता. त्याला मागे टाकून कप जिंकला तो 'स्पेशल वीक' याने. आणि या स्पेशल वीकचे आजोळ मागे मागे शोधत गेले तर पोचते कोणाशी? १९०७ साली इंग्लंडातून बोटीने आलेल्या त्या 'फ्लोरीज कप'शी. ब्याण्णव वर्षे त्या घराण्याने जपानचे गवत खाल्ले होते.

जमिनीचा हा न्याय दोन्ही बाजूंना सारखा लागू होतो. जपानी घोडे कित्येक वर्षे पॅरिसला जात आहेत. १९९९, २०१०, २०१२ व २०१३ साली ते दुसरे आले, पण २०२५ पर्यंत आर्क त्यांच्या हाती लागलेली नाही. म्हणून 'जपानी घोडा श्रेष्ठ' किंवा 'युरोपी घोडा श्रेष्ठ' असा वाद घालणाऱ्याने आधी कोणत्या जमिनीवर, हे सांगावे.

पण जमीन १९८१ सालीही तीच होती, असा आक्षेप आपण घ्याल, आणि तो बरोबर आहे. जमिनीने सारे ठरत असते तर पहिल्या अकरांत नऊ वेळा जपान हरता ना. दुसरे कारण पैदाशीचे आहे, आणि येथे जपान्यांची चिकाटी दिसते. ज्याने आपल्याला हरविले, किंवा हरवू शकेल असे वाटले, त्यालाच विकत घ्यावयाचे, हा त्यांचा क्रम. झेनया योशिदा यांच्या शादाई पागेने १९७२ साली अमेरिकेतील लिलावात एक शिंगरू १ लाख डॉलरला घेतले. तोच 'नॉर्दर्न टेस्ट', आणि त्याच्या मुलाबाळांनी पुढे जपानची मैदाने भरून गेली. टोनी बिन फुचूला पाचवा आला, पण परत गेला तो केवळ निरोपापुरता. जपान्यांनी त्याला विकत घेतले. त्याची मुलगी 'एअर ग्रूव्ह' १९९७ व १९९८ साली कपात दुसरी आली आणि मुलगा 'जंगल पॉकेट' याने २००१ साली कप जिंकला. १९९० साली योशिदा यांनी अमेरिकेची केंटकी डर्बी जिंकलेला 'संडे सायलेन्स' विकत घेतला. त्याच्या घराण्याबद्दल अमेरिकेतील पागावाले नाक मुरडत होते. त्या घोड्याने जपानची पैदास उलटीपालटी केली. १९९५ ते २००७ अशी सलग तेरा वर्षे तो क्रमवारीत पहिला, आणि तो स्वतः मेला २००२ सालीच. स्पेशल वीक त्याचा, आणि २००६ साली कप जिंकणारा 'डीप इम्पॅक्ट'ही त्याचाच.

नुसत्या पैशाने हे झाले असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडची डर्बी आणि आर्क दोन्ही जिंकलेला अजिंक्य 'लामतारा' जपान्यांनी सुमारे ३ कोटी डॉलर मोजून नेला. त्याची संतती सामान्य निघाली आणि २००६ साली तो इंग्लंडला परत पाठविण्यात आला. १९९७ साली कप जिंकणारा 'पिल्सुडस्की'ही विकत घेतला, पण तोही पैदाशीत चालला नाही. नशिबाचा भाग आहेच. पण पुन्हा पुन्हा फासे टाकण्याची ऐपत त्यांना पैजेच्या प्रचंड उलाढालीतून आली.

शिक्षणाची बाजू मी थोडक्यात आटोपतो. पूर्वी घोडे मैदानांवरच्या तबेल्यांत राहत. पुढे पश्चिमेस रित्तो आणि पूर्वेस मिहो येथे मोठी शिक्षणकेंद्रे झाली. रित्तोला १९८५ साली चढणीचा रस्ता बांधला, त्यावर घोडे रोज चढवू लागले, आणि पश्चिमेकडचे घोडे पूर्वेकडच्यांना भारी पडू लागले. कुंपणही हळूहळू सैल केले. परदेशात जन्मलेल्या घोड्याला जपानी डर्बीचे दार २००१ साली उघडले, आणि २००७ साली जपानची गणना जगातील पहिल्या वर्गाच्या शर्यतीच्या देशांत झाली. आधी बळ आणि मग खुले दार, हा क्रम ज्यांना उलटा करण्याची घाई असते त्यांनी या तारखा पाहाव्यात.

आता माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. घोडा जिंकला की मालकाचे छायाचित्र येते, जॉकीचे येते, ट्रेनरचे येते. पहाटे उठून त्याची लीद काढणारा, खरारा करणारा, त्याच्या पायाला हात लावून ताप आहे की नाही हे ओळखणारा मोतद्दार छायाचित्रात असला तर लगाम धरलेल्या हातापुरता. जपानमध्ये एका मोतद्दाराकडे साधारणतः दोन घोडे असतात. या लोकांच्या युनियन तेथे बऱ्याच मजबूत आहेत. वसंत ऋतूत सर्व जपानी कामगार पगारवाढीची मोहीम काढतात, तेव्हा हेही उतरतात. १९७४ साली त्यांच्या संपामुळे तीन मानाच्या शर्यतींपैकी पहिली, एप्रिलात व्हावयाची ती, ३ मे रोजी आणि दुसऱ्याच मैदानावर घ्यावी लागली. त्याच्या पुढल्याच वर्षी, १९७५ साली, इंग्लंडमध्ये न्यूमार्केटचे मोतद्दार संपावर गेले आणि शर्यतीच्या वाटेवरच बसले. त्या झटापटीत एका नामांकित जॉकीला घोड्यावरून खाली ओढले गेले. मैदाने दोन, जमीन वेगळी, गवत वेगळे, पण मोतद्दाराचा पगार दोन्हीकडे सारखाच अपुरा.

पुढचे ऐका. २०११ साली जपानात नव्याने लागणाऱ्या मोतद्दारांसाठी कमी दराची वेगळी वेतनश्रेणी आली. एकाच तबेल्यात, एकाच कामाला, दोन भाव. ही दुहेरी वेतनश्रेणी म्हणजे युनियन फोडण्याचे जुने हत्यार आहे. आपल्याकडे 'बदली' आणि 'कंत्राटी' या नावांनी ते किती वापरले गेले आहे, हे या सभागृहातील पुष्कळांना मी सांगावयास नको. ती रद्द करावी म्हणून १८ मार्च २०२३ रोजी चार युनियनांनी संप केला. शर्यतीच्या दिवशी असा संप चोवीस वर्षांनी प्रथमच झाला. ट्रेनर आणि इतर माणसे लावून शर्यती पार पाडण्यात आल्या. त्याच साली जपान कपच्या पहिल्या क्रमांकाचे बक्षीस ४० कोटी येनवरून ५० कोटींवर गेले. युरोपच्या घोड्याला अठरा वर्षे जिंकू न देणारा जो जपानी घोडा, त्याला रोज सकाळी तयार करणाऱ्या नव्या पोराचा पगार जुन्यापेक्षा कमी. जपानच्या यशाचे कौतुक करताना ही ओळ गाळून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने घडली. युरोपचे घोडे हरत होते त्याच काळात युरोपची माणसे फुचूला जिंकत होती. फ्रान्सचे क्रिस्तोफ लमेर आणि इटलीचे मिर्को देमुरो यांनी २०१५ साली जपानची परीक्षा देऊन तेथील कायमचा परवाना मिळविला. लमेर यांनी आमंड आयवर दोनदा आणि २०२३ साली 'इक्विनॉक्स'वर कप जिंकला. इंग्लंडचे रायन मूर यांनी २०१३ व २०२२ साली जपानी घोड्यांवर. भांडवल घोडा विकत घेते तसे कसबही विकत घेते.

युरोपचे जे घोडे येथे जिंकले ते कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांतील बहुतेक चार-पाच वर्षांचे, अनेक देशांचे पाणी प्यालेले. १९९५ चा जर्मन 'लँडो' पाच वर्षांचा. १९९६ चा 'सिंगस्पील' कॅनडात मोठी शर्यत जिंकून आलेला, आणि पुढल्या वर्षी दुबईतही जिंकला. पिल्सुडस्कीने आदल्या वर्षी कॅनडाची हिरवळ गाजविलेली. २००२ साली, फुचूची दुरुस्ती चालू असल्यामुळे नाकायामाच्या मैदानावर, इटलीचा 'फाल्ब्राव्ह' नाकपुडीच्या अंतराने जिंकला. २००५ साली 'अल्कासेद'ही तितक्याच अंतराने, पण २ मिनिटे २२.१ सेकंदांत, म्हणजे हॉर्लिक्सचा सोळा वर्षांचा विक्रम मोडून. क्योतोच्या मैदानावर घोड्यांच्या मोठ्या शर्यतीत नव्हे, घोडींच्या शर्यतीत, 'स्नो फेअरी' या इंग्लंडच्या घोडीने २०१० व २०११ असा दोनदा विजय मिळविला, म्हणून दार अगदीच बंद झाले होते असे म्हणता येत नाही. वेगवान जमीन मानवणारा, प्रवासाने न खचणारा घोडा असेल तर त्याला संधी होती. मोठा मानकरी म्हणून वर्षाअखेर निरोपाच्या फेरीला येणाऱ्याला ती नव्हती. २०२४ साली आयर्लंडहून 'ऑगस्ट रोदँ' आला. इंग्लंडची डर्बी जिंकलेला, आणि बाप कोण, तर डीप इम्पॅक्ट. युरोपच्या सर्वांत मोठ्या पागेने आपली घोडी जपानी घोड्याकडे नेऊन ही संतती मिळविली होती. गंगा उलटी वाहू लागली ती अशी. पण बापाच्या मैदानावर तो आठवा आला.

यजमानांनाही पाहुण्यांवाचून चैन पडेना. पूर्वी परदेशी घोड्याला आधी दुसऱ्या ठिकाणी विलगीकरणात ठेवीत आणि मग फुचूला आणीत. २०२२ पासून फुचूच्या मैदानावरच त्यांच्यासाठी तबेले बांधून ती यातायात वाचविली.

आणि मग ३० नोव्हेंबर २०२५. फ्रान्सचा 'कालांदागाँ', चार वर्षांचा, फ्रान्सिस ग्राफार यांनी तयार केलेला, वर मिकाएल बार्झालोना. मालकी आगाखान पागेची, म्हणजे ज्या घराण्याचा हिंदोस्तान सत्तर वर्षांपूर्वी जपानला गेला, त्याच घराण्याची. त्या वर्षी इंग्लंडातील दोन सर्वांत मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या. आर्कमध्ये मात्र तो उतरू शकत नव्हता, कारण तो खच्ची केलेला घोडा आहे आणि आर्क ही तेव्हा पैदाशीला योग्य अशाच घोड्यांसाठी राखलेली शर्यत होती. एप्रिलात दुबईला जपानच्या 'दानॉन देसाइल'ने त्याला हरविले होते. फुचूला दानॉन देसाइल तिसरा राहिला. अखेरच्या सरळ पल्ल्यावर जपानचा 'मास्करेड बॉल' आणि कालांदागाँ एकमेकांना भिडले, आणि कालांदागाँ डोक्याच्या अंतराने पुढे निघाला. वेळ २ मिनिटे २०.३ सेकंद. आमंड आयचा विक्रम मोडला, आणि तो जपानी जमिनीवर, जपानी वेगाने, एका फ्रेंच घोड्याने मोडला.

वीस वर्षांनी हरविणारा आला. जपानी पागावाल्यांचा जुना उपाय, म्हणजे त्याला विकत घेऊन त्याची शिंगरे वाढविणे, हा मात्र या खेपेस त्यांना करता येणार नाही.